‘किड्यांच्या आळी’तलं बारावं पान

निजामाचा अंमल गेला, मुंबई राज्य आलं; पण सबंध जिंतूर तालुक्यात गुप्तहेर एकच राहिला. तो म्हणजे मी, माणिकराव. माझी नजर अशी तेज, की समोरच्याचं गुपित मला लगेच दिसतं. समोरचा तेवढा दिसत नाही, म्हणून भिंग बाळगतो.

१९५८ साली बोरीच्या शाळेतल्या मनकर्णाबाईंनी मला तातडीनं बोलावलं. बाईंनी सहा महिने खपून मुलांसाठी चित्रांचं पुस्तक केलं होतं, ‘किड्यांची आळी’. त्यात गावातल्याच माणसांवर बेतलेले मुंगळे बाजाराला जात, डास तंबोरा लावत, टोळ शाळा बुडवत. दुपारी परभणीचे साहेब येऊन ते छापायचं की नाही ठरवणार होते, आणि बारावं पान गायब!

“त्या पानावर कोण होतं?” मी विचारलं.

“होता एक भुंगा,” बाई खाली बघत म्हणाल्या.

म्हणजे चोरी अब्रूपायी! भुंगा ज्याच्यावर बेतलेला, तोच मुजरिम. मी तफ्तीश सुरू केली. सटवाजी न्हावी गुणगुणत होता. धरला.

“मालक, मी भजन म्हणायलोय!”

“भुंगाबी हेच सांगंल,” मी बजावलं.

भुजंग पाटील दुकानात गुळाच्या ढेपेपाशी घोटाळत होते. त्यांना भिंगातून न्याहाळलं, तर त्यांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं. संशय पक्का झाला.

शाळेत परतलो तर वर्गात पोरांसमोर साहेब येऊन बसलेले, बाईंचे डोळे भरलेले. पाणी भरणाऱ्या धुरपदाबाई चहाचं आधण ठेवून पुस्तक चाळत होत्या.

“बाई, हे अकरावं पान लय जाड लागायलंय,” म्हणत त्यांनी ते वाफेवर धरलं. खळीनं चिकटलेली दोन पानं अलगद सुटली.

बाराव्या पानावर एक भुंगा डोळ्याला भिंग लावून, स्वतःच्याच पायांच्या ठशांचा माग काढत गोल गोल फिरत होता.

वर्ग हसला. साहेब हसले. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघून हसू आवरलं.

“माणिकराव, तुमाला वाईट वाटलं आसंल तर काढून टाकते हे पान,” बाई हळूच म्हणाल्या.

माझे कान तापले होते. पण पुढच्या ओळीतली एक पोरगी अजून पोट धरून हसत होती. आणि माझ्या कुठल्या तपासानं कुणाला एवढा आनंद झालेला मला आठवेना.

“छापा साहेब,” मी म्हणालो. “बाई, फक्त मिशांना जरा पीळ द्या.”