पोतं कुटं घाबरतंय?

विद्यार्थ्यांनी बनवलेले कोणतेही यंत्र हाती दिले, की बसप्पामामा आधी ते स्टुलाच्या उंचीवरून खाली सोडतात. मग विचारतात, "कशाचं हाय हे?"

सोलापूरच्या ज्या अभियांत्रिकी महाविद्यालयात मी स्टोअर सांभाळतो, तिथेच मामा वर्कशॉपमध्ये मदतनीस आहेत. गाव अक्कलकोटकडचे. एका वर्षी प्रदर्शनात पाहुण्यांसमोर पंपाचा पाइप सुटला आणि प्राचार्य नखशिखांत भिजले. तेव्हापासून, लेखी नियम नसतानाही, मामांनी पास केल्याशिवाय कोणतेही यंत्र मांडवात जात नाही.

"हितं मोडू दे, तितं नको," एवढेच त्यांचे म्हणणे.

एकदा मुलांनी केर उचलणारी गाडी बनवली आणि चाचणीसाठी तिच्यापुढे कागदाचे बोळे टाकले. मामांनी आपल्या डब्यातली शेंगाची चटणी ओतली. गाडी दोन फूट जाऊन बंद पडली.

"मामा, चटणी कोण सांडतं?"

"सोलापुरात ऱ्हातूस न्हवं? चटणीच सांडणार की!"

मुले यंत्रे हॉस्टेलच्या खाटेखाली लपवतात. मामा तिथूनही काढून आणतात.

यंदा सुजाता कांबळेच्या गटाने अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उचलून खुर्चीत बसवणारी चौकट केली. एक कापडी झुला आणि तो वर घ्यायला हाताने फिरवायचा दांडा. वाळूचे पोते त्यांनी कितीतरी वेळा उचलून पाहिले होते. मामांनी पोते बाजूला ओढले.

"पोतं कुटं घाबरतंय?" म्हणाले, चपला काढल्या आणि स्वतः झुल्यात आडवे झाले.

मग त्यांनी अंगाची एक बाजू सैल सोडली. डावा हात लोंबला, अंगठा मुठीत गेला, मान खांद्यावर कलली. मुले हसली. "मामा, नाटकात जा तुम्ही!" दांडा फिरला, झुला वर गेला आणि मामा डावीकडून घसरून खालच्या गादीवर आदळले.

"नापास."

प्रदर्शन दुसऱ्याच दिवशी होते. सुजाताचे डोळे भरले. "मामा, वर्षभर राबलोय आम्ही. तिथं पोतंच उचलून दाखवणार आहोत. पास करा की."

"आन् बघून कुनी घरी न्हेलं तर? त्या मान्साला हात टेकता येत न्हाय, पोरी. वरडता बी येत न्हाय."

मग दोघे झुल्यात अंग धरून ठेवणारा पट्टा शिवायला बसले. काखेखालून रुंद हवा, मांडीला काचायला नको, एकेक गोष्ट मामा सांगत गेले. दर बदलानंतर ते झुल्यात आडवे होत आणि पडत. संध्याकाळपर्यंत ते अकरा वेळा पडले. आता कोणी हसत नव्हते. बाराव्या वेळी झुला वर गेला आणि मामा वरच राहिले.

दांडा धरून सुजाताने विचारले, "मामा, इतकं नेमकं कसं माहीत तुम्हाला?"

"बायको. चार वर्सं लकव्यानं पडून हुती. एकदा उचलताना माझ्याच हातनं निसटली."

"मग प्रदर्शन झालं की हे मामींना घेऊन जा. आम्ही येऊन बसवून देतो."

"मागल्या श्रावणात गेली ती."

सुजाताने दांडा दोन्ही हातांनी धरला. मामा झुल्यातच होते, डावा हात तसाच लोंबलेला.

"कशी कलंडायची, तेवढं अंगात ऱ्हायलंय," ते म्हणाले. "घे आता खाली. हळू घे."