गोळा केवढा होता?

नारायण पेठेतल्या आपल्या दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात रिबेकाबाई चिंचोलकर शुक्रवारी सकाळपासून दोन किलो मैद्याशी झुंजत होत्या. एकट्या बाईच्या घरी एवढा मैदा म्हणजे वेडेपणाच. एरवी शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या पवित्र दिवसाच्या, ताटात त्या दोन चपात्या ठेवत, वर भरतकामाचा रुमाल घालत आणि मेणबत्त्या लावून प्रार्थना म्हणत. त्यांच्या लहानपणी सगळ्याच घरांत तसंच होतं. यीस्ट घालून फुगवलेल्या, वेणी घातलेल्या पावाला खल्ला म्हणतात हे त्यांना फार उशिरा कळलं, आणि तो करायला नातीनं मोबाईलवर शिकवलं.

आजचा मैदा दोन भावांसाठी होता. थोरला दानियल आणि धाकटा शमुवेल, दोघे रोहेकर. रिबेकाबाई मधल्या. शमुवेल येत्या मंगळवारी मुलाकडे इस्राएलला निघाला होता, आणि तो काही परत यायच्या बोलीवर जात नव्हता. त्याआधी एक शब्बाथ तिघांनी एका टेबलाशी बसावं, एवढंच रिबेकाबाईंना हवं होतं. अडचण एकच होती. दोघे भाऊ कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

कारण विचाराल तर खोकला. एका सणाला सिनेगॉगमध्ये दानियल पुढे उभा राहून प्रार्थना म्हणत होता. मागच्या बाकावरून शमुवेल तीनदा खोकला. दानियलचं म्हणणं असं, की सगळ्या जमातीसमोर माझी फजिती करायला तो मुद्दाम खोकला. शमुवेलचं म्हणणं असं, की खोकला कुणाला विचारून येत नाही. त्या दिवसापासून अबोला. मधल्या काळात दोघांच्याही मुलांची लग्नं झाली. प्रत्येक फोटोत एक भाऊ डाव्या टोकाला आणि दुसरा उजव्या टोकाला उभा आहे, आणि मध्ये रिबेकाबाई.

मैदा मळून झाला. मोठ्या प्रमाणात पीठ मळलं की त्यातला एक तुकडा आधी बाजूला काढायचा, बराखा, म्हणजे आशीर्वादाची प्रार्थना, म्हणायची आणि तो तुकडा कुणी न खाता जाळून टाकायचा, ही रीत. चपात्यांच्या वाटीभर कणकेला ती लागत नाही, पण दोन किलोला लागते. रिबेकाबाईंची आई सणासुदीला असा गोळा चुलीत टाकायची आणि पोरांना म्हणायची, "ज्याचं त्याला आधी. मग आपलं पोट." चूल भडकायची, खरपूस वास यायचा, आणि शमुवेल दर वेळी विचारायचा, "देव कच्चंच खातो का गं?"

ते आठवून रिबेकाबाई जरा हसल्या. डोक्यावरचा पदर सारखा करून त्यांनी सुपारीएवढा गोळा तोडला, बराखा म्हटली आणि गोळा एका बशीत ठेवला. फॉईलमध्ये गुंडाळून तो गॅसवर धरायचा, तेवढ्यात हॉलमधला फोन वाजला.

"अक्का, मी शमू. आज जमत नाही बघ. बॅगा भरायच्या आहेत."

"मंगळवारी जायचंय ना तुला? की शब्बाथलाच विमानात बसतोयस?"

"तसं नाही. पण... तो येणार आहे का?"

"त्याचे गुडघे दुखतायत म्हणून सकाळीच कळवलंय त्यानं. तू येणार आहेस असं सांगितल्यावर लगेच दुखायला लागले."

"मग मी येऊन तरी काय करू? तुझा खल्ला पाठवून दे कुणाबरोबर तरी."

"हो, आता तेच राहिलंय. नारायण पेठेतनं वाघोलीला पाव पाठवते. पोचेपर्यंत त्याचा दगड होईल. तो घेऊन जा तिकडे, आठवण म्हणून."

हे बोलणं बराच वेळ चाललं. तेवढ्यात उघड्या दारातून शेजारच्या शालनताई परात परत द्यायला आल्या. शालनताई मूळच्या लोणी काळभोरच्या, शेतकऱ्याघरच्या. अन्नाचा कण वाया गेलेला त्यांना बघवत नसे. ओट्यावर त्यांना मळलेल्या पिठाचं पातेलं दिसलं, आणि शेजारी बशीत एकटाच पडलेला, वरून सुकत चाललेला एक गोळा. त्यांचा जीव हळहळला. त्यांनी हात धुतले, गोळा पातेल्यात टाकला आणि एकजीव होईपर्यंत पीठ चांगलं तिंबलं.

फोन ठेवून रिबेकाबाई आत आल्या. त्यांनी बशी बघितली, मग शालनताईंचे हात बघितले.

"शालन, गोळा कुठंय?"

"कोणता? तो होय! घातला की परत. वाळून चालला होता बिचारा."

रिबेकाबाई स्टुलावर बसल्या. "अगं, तो देवाचा होता."

"आई गं!" शालनताईंनी कानाला हात लावले, त्यामुळे दोन्ही कानांना मैदा लागला. "मला काय ठाव ताई? आमच्यात देवाचं ठेवतात ते पानावर ठेवतात, वर तुळशीपत्र असतं. हा नुसताच बशीत! मग काढू का परत? कुठं असंल तो?"

दोघींनी पातेल्यात वाकून बघितलं. पीठ गुळगुळीत होतं.

"आता हे सगळं खाता येणार नाही," रिबेकाबाई म्हणाल्या.

"सगळं?" शालनताईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. "दोन किलो? सहा अंडी घातलीत ना त्यात? मी हात भरून पाप केलं की हो!"

"रडू नकोस. विचारते कुणाला तरी."

रिबेकाबाईंनी सिनेगॉगचे हझ्झान योनातन यांना फोन लावला. प्रार्थना म्हणवून घेणारा हा गृहस्थ वयानं मुलासारखा, दिवसा बँकेत नोकरी करणारा, पण शिकलेला. शालनताई पदराला हात पुसत कान लावून उभ्या राहिल्या. त्यांना अर्थातच एकाच बाजूचं ऐकू येत होतं.

"हो... हो रे बाबा, परत मिसळला... मी नाही, शेजारणीनं. चांगली आहे बिचारी... केवढा म्हणजे?... थांब, नीट सांग मला. शंभरात एक भागापेक्षा लहान असेल तर?... असं. विरून जातो. काहीच करायचं नाही?... आणि मोठा असेल तर?... काय? तिघं पुरुष?... त्यांच्यासमोर म्हणायचं की मी काढलं त्याचा मला पस्तावा झाला... मग ते मोकळं करणार, आणि मी परत नवा काढायचा. आणि भाऊ चालतात का त्यात?... चालतात!"

भिंतीवर आईवडिलांचा फोटो होता, तिकडे रिबेकाबाईंनी क्षणभर बघितलं.

"मोठाच होता रे," त्या म्हणाल्या. "चांगला लिंबाएवढा. तिसरा तू ये. हो, सूर्य मावळायच्या आत."

शालनताईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. आरोपीनं मध्ये बोलू नये एवढं त्यांना कळत होतं.

मग रिबेकाबाईंनी थोरल्याला फोन केला. "दानियल, माझ्या हातून धर्माचा घोटाळा झालाय. तीन पुरुष लागतात."

"माझे गुडघे..."

"गुडघ्यांचं काम नाही. बसूनच करायचंय."

"शमूला बोलावलंस का?"

"कामाच्या दिवशी दुपारी मोकळे असलेले आपल्यातले पुरुष पुण्यात किती आहेत, तू सांग. मी त्यातले निवडते."

"येतो. पण मी त्याच्याशी बोलणार नाही."

"नको बोलूस. तीनदा एक वाक्य म्हणायचंय, तेही मला."

शमुवेल म्हणाला, "अक्का, बॅग अर्धी भरलीय."

"मग अर्धी रिकामी राहू दे. धर्माचं काम आहे, नाही म्हणायचं असेल तर आईच्या फोटोला सांग. फोन धरते तिच्यापुढे."

शमुवेल निघाला.

इकडे पीठ कुणासाठी थांबायला तयार नव्हतं. एप्रिलचं ऊन, त्यात यीस्ट ताजं. पिठानं पातेल्याचा काठ गाठला. रिबेकाबाईंनी बुक्की मारून ते खाली बसवलं. थोड्या वेळानं झाकण आपोआप वर उचललं गेलं. शालनताईंनी झाकणावर पोळपाट ठेवला. पोळपाट तिरका झाला. त्यांनी घरून वरवंटा आणला.

"ताई, हे पीठ हाय का काय हाय? माणूस आत असल्यासारखं ढकलतंय."

"फ्रिजमध्ये ठेवू या."

फ्रिजमध्ये संध्याकाळची माशांची आमटी होती, कोंबडी होती, किद्दुशसाठी, म्हणजे जेवणाआधी पेला हातात घेऊन म्हणायच्या प्रार्थनेसाठी, भिजवलेल्या मनुकांचं सरबत होतं. ते सगळं शालनताईंच्या फ्रिजमध्ये गेलं. शालनताईंच्या शाकाहारी सूनबाई नम्रता यांना ते संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर दिसलं, पण तो वेगळा विषय आहे.

दानियल आधी आला. रास्ता पेठेतून यायला वेळ लागत नाही. ऐंशी गाठलेला माणूस, पण टोपीसकट इस्त्रीत. खुर्चीत बसून तो म्हणाला, "गोळा केवढा होता?"

"लिंबाएवढा," रिबेकाबाई म्हणाल्या.

"एवढा कशाला काढायचा? आई एवढासा काढायची."

"आता झालं ना काढून."

शमुवेलचा फोन आला. "अक्का, येरवड्याच्या सिग्नलला आहे. रिक्षावाला म्हणतो, पुढे मिरवणूक आहे."

"कुणाची?"

"ते त्यालाही माहीत नाही. पण नाचतायत."

ऊन गॅलरीच्या कठड्यावरून खाली उतरलं. हझ्झान योनातन स्कूटरवरून आले, बँकेचं ओळखपत्र अजून गळ्यातच होतं. त्यांनी दोनदा घड्याळ बघितलं. मग जिन्यात पावलं वाजली आणि शमुवेल दारात उभा राहिला, घामाघूम. समोर दानियल. दोघांनी एकाच वेळी पंख्याकडे बघितलं, जणू पंख्यालाच भेटायला आले होते.

स्वयंपाकघरात तीन खुर्च्या मांडल्या. रिबेकाबाई समोर उभ्या राहिल्या, फ्रिजमधून काढलेलं पातेलं हातात. शालनताई दाराआड. रिबेकाबाईंनी हझ्झानांनी सांगितलं तसं म्हटलं, की हा गोळा परत मिसळणार हे आधी ठाऊक असतं, तर मी तो काढलाच नसता, आणि काढला याचा मला पस्तावा होतोय.

"आता तुम्ही म्हणा," हझ्झान दानियलला म्हणाले. "तुम्ही वडील. आम्ही तुमच्या मागून म्हणतो."

दानियलनं कागद घेतला नाही. "मला पाठ आहे. मुतार लाख," तो खणखणीत आवाजात म्हणाला. तुला मोकळं केलं, असा त्याचा अर्थ. दोघे त्याच्या मागून म्हणाले. "मुतार लाख," दानियल दुसऱ्यांदा म्हणाला. पुन्हा दोघे म्हणाले. मग दानियलनं समाधानानं हात गुडघ्यांवर ठेवले आणि थांबला.

तीनदा म्हणायचं होतं. हझ्झान छताकडे बघू लागले. वडीलधाऱ्या माणसाला त्याच्या बहिणीसमोर कसं सांगायचं? शमुवेलचा गळा खवखवला. त्यानं ओठ घट्ट मिटले. त्याचा चेहरा लाल झाला, मग जांभळा. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दाराआडून शालनताई पाण्याचा तांब्या घेऊन पुढे आल्या.

दानियल त्याच्याकडे बघत होता. शेवटी तो म्हणाला, "काय होतंय तुला?"

इतक्या वर्षांतले पहिले शब्द. रिबेकाबाईंनी पातेलं घट्ट धरलं.

"काही नाही," शमुवेल कसाबसा म्हणाला.

"मग तोंड असं का झालंय?"

"खोकला येतोय."

"मग खोक की!"

"नको. परत म्हणशील मुद्दाम खोकला."

"अरे मूर्खा, मरशील. खोक!"

शमुवेल खोकला. तीनदा. दानियल हळूच म्हणाला, "माझं काही राहिलं का म्हणायचं?"

"तीनदा असतं. तू दोनदाच म्हणालास."

"आणि तेव्हा? सिनेगॉगमध्ये?"

"अख्खं एक पान गाळलं होतंस. दोन पानं एकदम उलटली गेली तुझ्याकडून."

"मग सांगायचं ना तोंडानं!"

"प्रार्थनेच्या मध्ये बोलायचं नसतं, हे मला लहानपणी कुणी शिकवलं? कानफटात मारून?"

दानियलनं टोपी काढली, डोकं खाजवलं आणि परत घातली. "मी शिकवलं," तो म्हणाला. "मुतार लाख."

ते तिसरं वाक्य नक्की कुणाला म्हटलं, यावर हझ्झानांनी विचार केला नाही. ते आणि शमुवेल मागून म्हणाले, आणि काम पूर्ण झालं. स्कूटर सुरू करून हझ्झान सिनेगॉगकडे पळाले.

रिबेकाबाईंनी नवा गोळा काढला, बराखा म्हटली आणि या वेळी गॅस पेटवेपर्यंत तो मुठीतच धरून ठेवला. फॉईलमधून करपल्याचा वास आला. "आईची चूल," शमुवेल म्हणाला. दानियल म्हणाला, "देव कच्चं खात नाही रे, कळलं का आता?" मग दोघे भाऊ ओट्याशी उभे राहून वेण्या घालू लागले, आणि कुणाची वेणी वाकडी यावरून भांडू लागले. ओव्हनमधून शेवटचा खल्ला बाहेर आला आणि रिबेकाबाईंनी मेणबत्त्या लावल्या, तेव्हा उजेड जेमतेम शिल्लक होता.

सूर्य मावळल्यावर वाहनात बसायचं नाही, हेही आईनंच शिकवलेलं. त्यामुळे शनिवारची रात्र पडेपर्यंत दोन्ही भाऊ नारायण पेठेतच अडकले. जेवणं झाल्यावर हॉलमध्ये त्यांच्या गाद्या शेजारी शेजारी पडल्या.

शालनताईंना रिबेकाबाईंनी एक अख्खा खल्ला बांधून दिला. तो हातात घेऊन त्या दारातच घुटमळल्या.

"ताई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार."

"मी या हातानं उचलला होता तो गोळा. लिंबाएवढा कुठं होता? सुपारीएवढा होता की!"

रिबेकाबाईंनी टेबलावरचे पावाचे कण एका हातानं दुसऱ्या हातात गोळा केले.

"वय झालं गं," त्या म्हणाल्या. "नजर पूर्वीसारखी राहिली नाही."

हॉलमधून एक खोकला ऐकू आला. पाठोपाठ दानियलचा आवाज. "आता काय चुकलं माझं?"