शिवातात्यांना अजून कच्चं वाटतं

आमच्या बारामतीच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याआधीचा वर्ग बारा रविवारांचा असतो, वर्षातून एकदा. शिवातात्या तो सहाव्यांदा करताहेत. त्यांना नापास कुणी केलेलं नाही. वर्ग मीच घेतो आणि आजवर मी कुणालाच नापास केलं नाही. तात्या स्वतःच स्वतःला नापास करतात. "अजून कच्चं हाय, मास्तर," म्हणतात आणि नव्या वर्गात पुन्हा पहिल्या बाकावर हजर!

निरवांगीहून पहिल्या एसटीनं येतात. पिशवीत पवित्र शास्त्र आणि त्यात खुणेला उसाच्या पाचटाचे तुकडे. मागे तात्यांच्या आजारपणात चर्चचे पाळकसाहेब रोज उशाशी येऊन बसायचे, तेव्हापासून त्यांचा जीव इकडे जडला. घरात पूर्वी मेंढरं होती, आता ऊस आहे. पण डोक्यातली मेंढरं काही गेली नाहीत. त्यामुळे येशूच्या गोष्टींतला हरवलेल्या मेंढराचा दाखला आला की तात्यांचा हात वर होतो.

"मेंढपाळ नव्व्याण्णव रानात सोडून एकामागं गेला. राखणीला कुत्रं तरी ठिवलं हुतं का?"

"तसं लिहिलेलं नाही, तात्या."

"मग लिहिणाऱ्यानं मेंढरं राखली नसत्याली."

पहिल्या वर्षी त्यांच्या शेजारी बसलेल्या पोरीचा बाप्तिस्मा झाला, लग्न झालं, आता तिचं लेकरू रविवारच्या शाळेत येतं. तात्या अजून वर्गातच. पाळकसाहेब समजावतात, "तात्या, विश्वास महत्त्वाचा. इतका अभ्यास लागत नाही हो."

"म्हस घ्यायची म्हटली तरी आमी चार बाजार हिंडतो, साहेब."

खरं सांगतो, मला राग येऊ लागला होता. यांना यायचंच नाही, नुसती टाळाटाळ चाललीय, असं वाटायचं. गेल्या महिन्यात त्यांना स्टँडवर सोडायला गेलो आणि तिथंच धरलं. "तात्या, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त येतं. अडलंय कुठं?"

तात्यांनी पिशवी खाली ठेवली.

"घरी म्हातारी हाय, आमची कारभारीण. ती तिचा देव सोडायची न्हाय, अन् मी सोड म्हणायचा न्हाय. पयल्या वर्षीच म्हणली, तुमी तिकडं गेला की मेल्यावर तुमी एकीकडं अन् मी एकीकडं. मग मला तितं कोण?"

"काय सांगितलंत?"

"म्हणलं, वाचून सांगतो. सगळं शास्त्र चारदा झालं, मास्तर. आमा दोघांना एका जागी ठिवत्याली, असं कुठं घावंना. तुमी शिकल्यालं हाय. तुमाला घावलंय का?"

मी नकाराची मान हलवली. या माणसावर मी चिडलो होतो, याची फार लाज वाटली.

एवढ्यात गाडी लागली. तात्या चढले आणि खिडकीतून उलट मलाच धीर देत म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. घाई न्हाय. म्हातारी अजून खुटखुटीत हाय."

हल्ली रोज सकाळी मी शास्त्र उघडून बसतो. शिकवायला नव्हे, म्हातारीसाठी जागा शोधायला.