सुकलूच्या बांधीखालचा सापळा

जमिनीच्या खाली काय हाये हे सरकारले आधी समजते, आन् जमीन कोणाची हाये हे मंग. यात सरकारचा दोष नाई. खालचं पाहाची मशीन आली, वरच्या माणसाले पाहाची अजून आली नाई.

तं आमच्या जंगलाकाठच्या गावात जमिनीतलं तेल शोधाले पार्टी आली. साहेब लय सज्जन. झाडाखाली बसून सगळ्याइले समजावलं. करोडो वर्षांआधी जमिनीले बाजूनं रेटा बसला, थर मोडले, आन् जुना थर सरकत-सरकत नव्या थराच्या अंगावर चढून बसला. (कोणत्याही हापिसात पाहा, असंच असते.) तेलाले चार गोष्टी लागतात: शिजवणारा दगड, जिरवणारा दगड, वरून पक्कं झाकण, आन् तेल अडकाले सापळा.

"हे तं मोहाची भट्टी झाली," गिरजाबाई बोलली. "फकस्त तुमची लय हळू चालते."

साहेबानं ते वहीत लिवून घेतलं.

मंग रिपोर्ट आला, शुद्ध मराठीत. एक प्रत वनखात्याच्या जंगलवाल्याइले. 'श्री. सुकलू यांच्या धानाच्या बांधीखाली मोठा सापळा आढळला आहे. झाकण मजबूत. आत माल अडकल्याची दाट शक्यता.'

आता आमच्याकडं सापळा म्हनलं का वाघ. दुसरा अर्थ इथी चालत नाई. दुसऱ्याच दिवशी जंगलवाल्याइची जीप आली. धानाचे परे रोवाले तयार होते, सुकलू बांधीत चिखल करून राह्यला होता.

"सापळा कुठी लपवला?"

"मले काय माहीत, साहेब? थे म्हनतात, दोन हजार मीटर खाली."

"येवढा खोल काऊन? कधीपासून हाये?"

"पंचवीस कोटी वर्षं, म्हनतात."

"म्हंजे सराईत."

सुकलूले जीपमंदी बसवून नेलं, सांजच्याले सोडलं. पण सापळा काई जीपमंदी बसंना, म्हून जागेवरच जप्त केला. वर नांगर नाई, रोवणा नाई. कागद मी सोता पाहिला. जप्त वस्तू: सापळा, एक नग. लांबी: साडेतीन किलोमीटर. धातू: दगड. अडकलेला प्राणी: तपास चालू.

सुकलूची बायको मनकर्णा पार्टीच्या साहेबाकडं गेली. साहेब शरमला. लगेच खुलासा लिवून देल्ला: 'सदर सापळा मानवाने लावलेला नसून निसर्गाने लावला आहे.' जंगलवाल्याइनं तो खुलासा मान्य केला आन् कागदात एक ओळ वाढवली. साथीदार: निसर्ग, फरार.

मंग मनकर्णा माह्या पंपाच्या दुकानात आली. "इनायतभाऊ, दहा दिवसांत रोवणा नाई झाला तं परे जून होतीन. साल गेलं मंग. काई तरी करा."

गेलो. जंगलवाला साहेब माणूस वाईट नाई, चहा पाजला.

"चूक झाली हे मले बी समजते, भाऊ. पण सापळा कागदावर चढला, तो कागदानंच उतरन. एक पंच आना. कागद सुरवातीपासून शेवटवर वाचलेला पायजे, आन् सुकलूचा कोणी लागत नाई पायजे."

गावात सारेच सुकलूचे कोणी ना कोणी. आन् येवढं वाचते कोण?

तुमी मात्र वाचत-वाचत येथवर आले. सुकलूचे तुमी कोणी नाई, हे तं तुमी हसले तवाच समजलं.

आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन या. आज सातवा दिवस हाये.