बाह्या नसलेला पोशाख

यशवंतपुरात माझ्याइतका चोख शिंपी नाही, असं मी म्हणत नाही, गिऱ्हाइकं म्हणतात! आमच्या गल्लीतल्या आश्लेषाने नाचाचा पोशाख उसवला म्हणून आणून दिला, तेव्हा मला हसूच आलं. जांभळ्या, ताणल्या जाणाऱ्या कापडाची नुसती पिशवी! डोक्याला भोक, हातांना नाहीच. कुणीतरी अडाण्याने शिवलेला! मी उसवण शिवली आणि वर दोन झकास बाह्याही लावल्या.

पोशाख घेऊन मी प्रयोगाला पोहोचलो तेव्हा तिसरी घंटा होत होती. बंद पडद्यामागे, रंगमंचावरच्या बाकावर आश्लेषा ताटकळत बसली होती. तिने सरावाच्या कपड्यांवरच पोशाख चढवला आणि दोन्ही हात बाहेर आले.

"श्रीहरीअण्णा, हे काय?"

"बाह्या! कशा बसल्यात बघ!"

"अहो, बाई कापडात कोंडलीय, हात बाहेर निघत नाहीत, हाच तर नाच आहे! कृष्णाबाईंनी साठ वर्षांपूर्वी बसवलेला. त्या पुढेच बसल्यात. आज पसंत पडलं नाही, तर आमच्या मंडळीला त्यांचे नाच कायमचे बंद!"

"स्वल्प थांब गं!" म्हणत मी तिच्या हातांसकट बाह्या आत ढकलल्या आणि तिच्या पाठीमागे बसून भोकांवर सपासप टाके घातले. गाठ मारली, दोरा दातांनी तोडला, उठायला गेलो तर आश्लेषाही मागे ओढली गेली. मी माझ्या शर्टाची बाहीसुद्धा तिच्या पाठीला शिवली होती!

"अण्णा, कात्री!"

"दुकानात!"

पडदा उघडला. मी बाकामागे बेडकासारखा दबा धरला.

आणि मग ती नाचली हो! बाकावरून न उठता! कापडातून कधी कोपर धडका देई, कधी गुडघा. चाळीस वर्षं कापड हाताळतोय, पण त्यात एवढं दुःख मावतं हे मला ठाऊक नव्हतं. ती झुकली की मीही झुकत होतो, इलाजच नव्हता! डोळ्यांना धारा लागल्या. हे जिला सुचलं त्या बाईला मी मनातच दंडवत घातला. खरा घालायला हात मोकळा कुठे होता?

टाळ्या थांबेनात. कृष्णाबाई काठी टेकत वर आल्या. आश्लेषाच्या गालावर हात ठेवून म्हणाल्या, "सरी, पोरी, पसंत आहे! माझे सगळे नाच आता तुमचे."

मग काठी माझ्याकडे वळली.

"हे पाठीला ओझं जोडलंस, तेही छान सुचलं. फक्त ओझ्याला सांग, नाक ओढू नकोस. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येत होतं!"