शेठना चालत नाही

अळीला पुठ्ठ्यावर बसवून नव्या घरी पोचवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे फुलचंदशेठ. साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर मेथीत सापडलेली हिरवी अळी, आणि लग्नात अक्षतांचं ताट न्यावं तसे दोन्ही हातांनी तो पुठ्ठा धरून हळूहळू चालणारे शेठ. मागे माझ्या अंगणवाडीतली चौदा पोरं, तोंडावर बोट ठेवून. ही मिरवणूक दुकानाच्या ओट्याच्या टोकाला एका डब्यापाशी थांबते. डब्यावर रंगाने लिहिलंय : ‘पाहुणे’. त्यात शेठनी खास अळ्यांसाठी मेथी आणि राजगिरा पेरलाय. अळी पानावर चढली की शेठ तिला म्हणतात, “बस निवांत. घाई कुणाला आहे?”

आमचं गाव येडगाव धरणाच्या पाण्यावर टोमॅटो आणि कांदा पिकवणारं. इथे अळीशी बोलायची भाषा एकच, फवारणीच्या पंपाची. त्यामुळे सुरुवातीला लोक हसले. एकाने मोटारसायकल थांबवून विचारलं, “शेठ, माझ्या रानातल्या बी न्या की राव!” शेठ गंभीरपणे म्हणाले, “एकदम नको आणू. आधी जागा बघतो.”

शेठ म्हणजे गावातलं जैनांचं एकुलतं एक घर. पणजोबा राजस्थानातून आले, भावंडं पुढे नारायणगावला दुकानं थाटून गेली, हे किराणा सांभाळत इथेच राहिले. दोन्ही मुली लग्न होऊन लांब. काकूंना जाऊन सहा वर्षं झाली. दुकानामागच्या खोलीत स्वतःच्या हाताने खिचडी करून खातात, तीही दिवस मावळायच्या आत. कांदा नाही, लसूण नाही, जमिनीखाली वाढणारं काहीही नाही. मी समोरच राहते, त्यामुळे हे सगळं मला पाठ.

डब्यांची भानगड माझ्या तक्रारीतून सुरू झाली. मी एकदा दुकानात साखर घेताना म्हणाले, “शेठ, शेतकऱ्यांची पोरं ही, पण शेतात गेली की ‘लांब हो, औषध मारलंय’, ‘पाइपवर पाय देऊ नको’. मातीला हात लावायचा कुठे? अंगणवाडीपुढे तर नुसती फरशी.” शेठनी साखर बांधून दिली. दुसऱ्या दिवशी ओट्यावर तेलाचे चौदा रिकामे पत्र्याचे डबे ओळीने मांडलेले. साबणाने धुतलेले, बुडाला खिळ्याने भोकं पाडलेली, आणि कुणाचं बोट कापू नये म्हणून वरच्या कडा हातोडीने आत वळवलेल्या. प्रत्येकावर एका पोराचं नाव. माती धरणाच्या कडेची, आणि लेंडीखत पोरांतल्याच ईश्वरीच्या आजोबांच्या मेंढ्यांचं.

शेठ पोरांनाही गिऱ्हाइकासारखंच वागवत. पाणी घालायला तेल मोजायचं जुनं पितळी माप, रोज एकच. दुसरं माप मागितलं तर, “उद्या या.” बी उगवलं का बघायला कुणी माती उकरली की म्हणत, “शटर वाजवू नकोस बाळा. आत आवराआवर चाललीय.” ही ताकीद इतकी लागू पडली, की माझ्या वर्गात कुणी झोपलं असलं तरी पोरं एकमेकांना सांगायची, “शटर वाजवू नको.”

मेथी, पालक, टोमॅटो, मिरची, भेंडी, घेवडा. बी शेठच वाटायचे. मुळा, गाजर, कांदा मात्र नाही. “मुळासकट उपटायचं काम माझ्या ओट्यावर नको, बाई. घरी करा, मी कुठे अडवतोय?” आणि एक पद्धत त्यांनीच पाडली. भाजी काढली की पहिलं पान शेठना द्यायचं. ते पान धुऊन, डोळे मिटून, सावकाश चावायचे आणि निकाल द्यायचे, “माल उत्तम!” त्या दोन शब्दांसाठी पोरं जीव टाकायची.

ईश्वरी त्यातली सगळ्यात अबोल. पाच वर्षांची, पण वर्गात तिच्या तोंडून शब्द काढायला मला दिवाळीपर्यंत वाट पाहावी लागली. डब्याशी मात्र तासन् तास बोलायची. तिने शेठचं बी घेतलंच नाही. घरून मुठीत घेऊन आली आणि पेरून मोकळी झाली. दहा-बारा दिवसांत पानं वर आली आणि मी ओळखलं. मुळा!

मी शेठना बाजूला घेऊन सांगितलं. ते म्हणाले, “चाळीस वर्षं बाजारात काढली, बाई. पान ओळखतो मी. बोलू नका. ती पोरगी कुणाशी बोलत नाही, त्या डब्याशी बोलते. मोडायचं कशाला?”

बाकीच्यांची मेथी निघाली. एकेकाला “माल उत्तम” मिळालं. ईश्वरीचे मुळे मातीतून पांढरे डोकावू लागले, तशी पोरं ओरडायला लागली, “उपट! उपट!” तिने पाल्याला हात घातला, आणि थांबून शेठकडे बघितलं.

“शेठ, तुमी मुळा खाता का?”

शेठ गिऱ्हाइकाशी कधी खोटं बोललेले नाहीत. तेव्हाही बोलले नाहीत. “नाही बेटा. मला चालत नाही.”

पोरीचा चेहरा असा पडला की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. तेरा पोरांची भाजी शेठनी खाल्ली, आणि हिचीच तेवढी नको. शेठ गुडघ्यांवर हात टेकत तिच्यासमोर खाली बसले. “डबा तुझा. उपटलंस तरी मी रागावणार नाही. पण थांबलीस, तर याला फुलं येतील, मग शेंगा येतील. डिंगऱ्या. आमच्यात मोगरी म्हणतात. त्या वर लागतात, त्या मला चालतात. पण लई दिवस लागतील. थांबशील?”

तिने पाला सोडला.

पाच वर्षांच्या पोरीला ‘लई दिवस’ म्हणजे काय, हे मी जवळून पाहिलं. बाकीच्यांनी दुसऱ्यांदा मेथी पेरली, कापली, घरी नेली. टोमॅटो लागले. ईश्वरी रोज एक माप पाणी घालायची आणि रिकाम्या हाताने घरी जायची. पोरं चिडवायची, तुझा मुळा म्हातारा झाला. झालाच होता. पण मधून दांडा वर गेला, पांढरी-जांभळी फुलं आली, आणि ‘घाई कुणाला आहे’ म्हणणारे शेठ दिवसातून पाच वेळा गल्ला सोडून ओट्यावर यायला लागले. चष्मा पुसून फुलं बघायचे. एकदा मी त्यांना बोटाने फूल बाजूला सारून शेंग शोधताना पकडलं. मी म्हटलं, “शेठ, शटर वाजवू नका.” ते लाजले हो!

शेंगा धरल्या. ईश्वरीने त्या कात्रीने एकेक कापल्या. पहिली शेंग शेठनी चावली, डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. “माल उत्तम,” म्हणाले, पण आवाज नेहमीचा नव्हता. बाकीच्या शेंगा ती फ्रॉकच्या ओच्यात घेऊन घरी पळाली. मला वाटलं, संपलं.

त्याच दिवशी साडेपाचला मी दुकानात उभी होते. ईश्वरीची आई धापा टाकत आली, एका हाताला पोरगी, दुसऱ्या हातात झाकलेली वाटी. “शेठ, हिच्या डिंगऱ्यांची भाजी. कांदा-लसूण न्हाई घातला. कढई बी दोनदा घासली. दिस मावळायच्या आत पोचावं म्हणून पळत आले, गरम हाय तवर खावा.”

शेठनी वाटी दोन्ही हातांनी घेतली.

तेव्हा मला लख्ख आठवलं. काकू होत्या तोवर त्यांच्याकडून खाकरे यायचे, आमच्याकडून काहीतरी जायचं. त्या गेल्या आणि वाट्यांची ये-जा थांबली. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. घरात काही गोडधोड झालं की आम्हीच म्हणायचो, “शेठना नको, त्यांना चालत नाही.” पुरणपोळीत कुठला आला कांदा? शिऱ्यात कुठला लसूण? पण सहा वर्षं आम्ही सगळ्यांनी मोठ्या आदराने या माणसाला एकटं जेवू दिलं. मी तर समोरच राहते. मला माझीच लाज वाटली.

शेठनी गल्ल्यापाशीच स्टूल ओढलं. आतून पोळी आणली आणि वाटी मांडीवर घेऊन जेवायला बसले. ईश्वरी समोर उभी राहून प्रत्येक घास मोजत होती. इतक्यात एक गिऱ्हाईक आलं. “शेठ, दोन किलो गूळ द्या, घाई हाय.”

गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवलेले शेठ मी कधी पाहिले नव्हते. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

“थांबा जरा,” म्हणाले. “जेवतोय. घरनं आलंय.”