अंगठ्याला विश्रांती

“कृपया पुन्हा प्रयत्न करा,” गेटावरचं हजेरीचं मशीन चौथ्यांदा म्हणालं, आणि चिमटीच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या सतरा बायकांनी एकदम उसासा टाकला.

चिमटीनं अंगठा कपड्याला पुसला, त्यावर फुंकर मारली, पुन्हा काचेवर टेकवला. गेली चार वर्षं ती या कारखान्यात चार्जरच्या बोर्डांवर तांदळाच्या कणीएवढे भाग चिमट्यानं बसवत होती. नावही त्यावरूनच पडलेलं. पाचव्या खेपेला मशीननं ओळख दिली, पण तोवर आठ वाजून दोन मिनिटं झाली होती.

“लेट मार्क,” टाइम ऑफिसचा क्लार्क म्हणाला. “या महिन्यातला दुसरा. तिसरा पडला की एक खाडा, आणि खाडा पडला की अख्खा हजेरीभत्ता गेला.”

चिमटीचा मूळ पगार किराणा, गॅस आणि सासूबाईंची औषधं यांत वाटेतच विरून जाई. हजेरीभत्ता मात्र बरोब्बर खोलीच्या भाड्याएवढा होता. हा काही योगायोग नव्हे. कारखाना आल्यापासून गावातल्या गोठ्यांना फरशी लागली होती, लोकांनी म्हशी विकून भाडेकरू बांधले होते, आणि भत्ता वाढल्याची बातमी घरमालकिणींना कामगारांच्या आधी कळत असे.

“दाखवा बघू,” म्हणत क्लार्कानं तिचा अंगठा उजेडात धरला. “अहो, यावर रेषाच राहिल्या नाहीत! मशीन वाचणार काय?”

“दिवसभर स्पिरिटनं बोर्ड पुसायचे, घरी जाऊन भांडी घासायची. रेषा राहणार कुठून?”

“मग निदान घरी तरी याला आराम द्या. भांडी नको, धुणं नको. बारा दिवस कसेतरी काढा.”

“हे लेखी द्याल?”

“काय?”

“आत्ता म्हणालात ते. आमच्या घरी तोंडी चालत नाही.”

क्लार्क भला माणूस होता. त्यानं चिठ्ठीवर लिहिलं, ‘अंगठ्याला विश्रांती द्यावी’, खाली सही केली, आणि हाताशी दुसरा शिक्का नव्हता म्हणून तयार मालावरचा ‘तपासले, योग्य’ हा शिक्का मारून दिला.

संध्याकाळी चिमटीनं ती चिठ्ठी गव्हाणीच्या वर चिकटवली. खोली पूर्वीचा गोठाच; जिथं म्हशी वैरण खायच्या तिथं आता पातेली मांडलेली असत. नवऱ्यानं चिठ्ठी दोनदा वाचली.

“मग भांडी कोण घासणार?”

“ज्याचा अंगठा मशीनला पटतो तो.”

नवऱ्यानं मोठ्या आशेनं आईकडे पाहिलं. पण सासूबाई शिक्का मारलेल्या कागदापुढे कधी बोलत नसत. “शिक्काय बाबा,” त्या म्हणाल्या. “घे घासणी.”

नवरा त्याच कारखान्यात, पॅकिंगला होता. ठेकेदाराचा माणूस, त्याला भत्ताबित्ता काही नाही, उशीर झाला की सरळ अर्धा दिवस कापला जाई. खोक्यांच्या पुठ्ठ्यानं त्याचा अर्धा अंगठा आधीच खाल्ला होता, उरलेला भांड्यांच्या पावडरीनं चार दिवसांत फस्त केला. पाचव्या दिवशी तो घरी आला तो शाळेत पहिला नंबर आल्यासारखा.

“मलापण दिली!” म्हणत त्यानं खिशातून चिठ्ठी काढली आणि पहिलीच्या शेजारी चिकटवली.

“बसा दोघं अंगठे कुरवाळत,” सासूबाईंनी घासणी उचलली. “माझ्याला काय सोनं लागलंय?”

तीन दिवस त्यांनी भांडी आपटून आपटून घासली. चौथ्या दिवशी स्वस्त धान्याच्या दुकानातून रिकामी पिशवी घेऊन परतल्या, त्या तणतणतच.

“मी त्या दुकानदाराला म्हटलं, मेल्या, चड्डीत होतास तेव्हापासून ओळखते मी तुला, आणि तू मला ओळखायला त्या डबीला विचारतोस?”

“मग?”

“डबी म्हणाली, पुन्हा प्रयत्न करा. मी म्हटलं, तूच कर!” त्या धपकन खाली बसल्या. “त्या क्लार्काला सांग गं, माझ्यापण नावाची लिही म्हणावं एक.”

त्या रात्री तिघं पातेल्यांच्या झाकणांत जेवली, कारण घरात एकही स्वच्छ ताट उरलं नव्हतं. नेमक्या त्याच वेळी घरमालकीणकाकू दारात उभ्या राहिल्या.

“पुढच्या महिन्यापासून भाडं वाढवावं म्हणते,” त्या म्हणाल्या, आणि मग त्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या ढिगाकडे गेलं. “अगं बाई! हे काय गं?”

चिमटीनं भिंतीकडे बोट दाखवलं. काकूंनी चिठ्ठ्या वाचल्या.

“आळशांनो! एवढीशी भांडी घासायला काय होतं?”

“मला काहीच नाही होत, काकू. आत्ता घासते.” चिमटी तत्परतेनं उठली. “फक्त एकच लेट मार्क शिल्लक आहे. तो पडला की भत्ता गेला. आणि भत्ता गेला की...”

पुढचं तिनं काकूंवर सोपवलं. काकूंनी ओठांतल्या ओठांत हिशेब केला, मग बाह्या वर सारल्या.

“अंगठा तुझा असेल,” त्या म्हणाल्या, “पण भाडं माझं आहे. सरक तिकडं.”

अशी बातमी आठ खोल्यांच्या चाळीत किती वेळ टिकणार? सकाळी दोन नंबरवाली आली. “काकू, माझापण अंगठा बघा ना कसा झालाय.” मग पाच नंबरवाली. चार नंबरवालीचा अंगठा चांगला ठणठणीत होता, तरी तीही चिठ्ठी घेऊन आली. क्लार्काच्या खिडकीपुढे आता जेवणाच्या सुट्टीत रांग लागत होती. आठ खोल्यांची आठ भाडी, त्यामुळे काकूंना कुणालाच नाही म्हणता येईना. म्हशींच्या जुन्या हौदापाशी बसून त्या चार दिवस खरकटी घासत होत्या आणि पुटपुटत होत्या, “म्हशी बऱ्या होत्या. निदान जेवायला ताटं तरी मागत नव्हत्या.”

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. चिमटीनं दुधाच्या सायीसारखा जपलेला अंगठा काचेवर टेकवला. मशीन गप्प. घड्याळात सात अठ्ठावन्न. मागच्या सतरा जणींनी श्वास रोखला.

“धन्यवाद,” मशीन म्हणालं, आणि रांगेतून अशी शिट्टी वाजली की वॉचमन धावत आला.

भत्ता हातात पडला, भाडं चुकतं झालं. काकू तोऱ्यात बँकेत आपले पैसे काढायला गेल्या. तिथल्या मशीनवर त्यांनी अंगठा ठेवला. एकदा, दोनदा, सहा वेळा.

“काकू,” खिडकीतल्या मुलीनं कौतुकानं विचारलं, “कारखान्यात कुठल्या लाइनवर लागलात?”

आठवड्याभरात कारखान्यानं अंगठ्याचं मशीन काढून चेहरा ओळखणारं बसवलं. काकू त्याच संध्याकाळी हजर झाल्या, महिन्यात पहिल्यांदाच प्रसन्न.

“सुटले बाई! आजपासून आपापली भांडी आपणच घासा. आणि हो, भाडं वाढवायचं राहिलंच की.”

चिमटीनं एक लांब सुस्कारा सोडला. “पंचाईतच झालीय, काकू. त्या मशीनला माझा नोकरी लागली त्या दिवसाचा फोटो दिलाय. त्यात मी हसतेय. चेहरा हसरा दिसला तरच ओळखतं म्हणे.”

“मग हस की! हसायला काय पाणी लागतं?”

“हसते हो. पण भाडं वाढलंय हे आठवलं की असा होतो.” आणि तिनं चेहरा करून दाखवला.

नवरा घाईघाईनं भिंतीकडे वळला. त्याचे खांदे हलत होते. सासूबाईंनी सुनेला न्याहाळलं. “अगंबाई, खरंच की,” त्या गंभीरपणे म्हणाल्या. “मलासुद्धा ओळखू येईना.”

काकूंनी दाराबाहेर नजर टाकली. ओसरीवर सात दारांतून सात पडलेले चेहरे त्यांच्याकडेच बघत होते. मग त्यांनी स्वतःचा अंगठा पाहिला, पांढरा, सुरकुतलेला, अजून बँकेला न पटलेला.

“नाही वाढवत,” त्या म्हणाल्या. “आधी तोंड सरळ कर.”

“सहा महिने?”

“वर्षभर नाही वाढवत! पण हस गं बाई!”

चिमटी हसली. सातही दारांत एकेक करून हसू फुटलं.

काकू गेल्यावर तिनं भिंतीवरची चिठ्ठी काढली, घासणी घेतली आणि गुणगुणत भांड्यांना बसली. त्याच दिवशी सकाळी ती नव्या मशीनपुढे उभी राहिली होती ती टोपी भुवयांपर्यंत ओढून, मास्क डोळ्यांपर्यंत चढवून आणि मोठ्ठी जांभई देत. मशीननं पहिल्याच फटक्यात “धन्यवाद” म्हटलं होतं. पण तसं तिला घरात कुणी विचारलंच नव्हतं.